हिमालयात लेकरं पाठवायची तर: नांदेड-लातूरकरांपुढे काही मुद्दे

आपल्याकडची तरुण पोरं-पोरी आता हिमालयात जाऊ लागली आहेत. कुणी पुण्या-मुंबईच्या संस्थेबरोबर जातं, कुणी मनालीच्या किंवा लेहच्या कंपनीकडं मोबाइलवरूनच पैसे भरून नाव नोंदवतं. पूर्वी नुसता ट्रेक असायचा. हल्ली ट्रेक आणि शिखर अशी जोडमोहीम मिळते. लडाखमधल्या मारखा खोऱ्यातून आठवडाभर चालायचं आणि शेवटी कांग यात्से-२ हे ६,२५० मीटरचं शिखर चढायचं. नेपाळात एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत जाऊन येताना आयलंड पीक करायचं. सुट्टी कमी असेल तर मनालीजवळचं ५,२८९ मीटरचं फ्रेंडशिप शिखर. वाटाड्या, तंबू, स्वयंपाकी, दोर, बर्फाचे बूट, सगळं कंपनीचं.

हे होतंय ते चांगलंच आहे. पण ज्याच्या घरी पैसा आहे तो पॅकेज घेतो, आणि ज्याच्या घरी नाही त्यांच्यातला एखादा जिद्दी पोरगा थेट एव्हरेस्टचं नाव घेऊन वर्गणीला बाहेर पडतो. मधली वाटच आपल्याकडं नाही. ती वाट दोन्ही जिल्ह्यांनी मिळून, सरकारी पैशातून, उघड निवडीनं आणि लेखी नियमांनी तयार करावी, अशी माझी मागणी आहे.

१. सगळा पैसा एकाच शिखरावर लावणं थांबवू या.

एव्हरेस्टच्या मोहिमेचा खर्च आज माणशी तीस-पस्तीस लाखांच्या घरात जातो, कधी त्याहूनही वर. नेपाळ सरकारचं परवाना शुल्कच २०२५ च्या सप्टेंबरपासून ११ हजार डॉलरवरून १५ हजार डॉलर झालं. एवढी रक्कम उभी करायला पोरगं वर्ष-दोन वर्षं फिरतं. आमदार, साखर कारखाना, सहकारी बँक, बाजार समिती, शिक्षणसंस्था. जे दिवस सरावाचे, ते निवेदनाचा कागद घेऊन कुणाच्या तरी दालनाबाहेर बसण्यात जातात. देणाऱ्यांची दानत खरी आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याच पैशाचा दुसरा हिशेब मांडून बघा. सरकारी गिर्यारोहण संस्थेतला पायाभूत अभ्यासक्रम, रेल्वेचं तिकीट, गरम कपडे, बूट, वैद्यकीय तपासणी असं सगळं धरलं तरी एका मुलामागं तीस-पस्तीस हजारांत काम भागेल, असा माझा अंदाज आहे. म्हणजे एका एव्हरेस्टच्या पैशात शंभर लेकरं बर्फावर चालायला, दोराला बांधून घ्यायला आणि तंबूतल्या सोबत्याची काळजी घ्यायला शिकून येतील. त्या शंभरांतलं कुणी पुढं एव्हरेस्टला गेलं तर जरूर जावं. त्याच्यामागं तयारी असेल आणि त्याला ओळखणारे, पारखणारे नव्व्याण्णव सोबती असतील.

२. उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही, निजामाबादला जा.

नांदेडहून मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर ओलांडलं की निजामाबाद. शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर. त्या जिल्ह्यातल्या पाकाला नावाच्या गावची मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचली. वय तेरा वर्षं अकरा महिने. आईबाप शेतमजूर, समाज बंजारा, आपल्या मुखेड-किनवटच्या तांड्यांवर राहतो तोच. तिच्याबरोबर खम्मम भागातला आनंद कुमार हा मुलगाही होता. दोघंही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचे विद्यार्थी.

ही गोष्ट आपल्याकडं पोचली ती 'एवढ्याशा पोरीचा पराक्रम' म्हणून. ती तेवढीच सांगितली तर महत्त्वाचं ते हातातून निसटतं. आर. एस. प्रवीण कुमार हे पोलीस अधिकारी तेव्हा त्या निवासी शाळांच्या संस्थेचे सचिव होते. त्यांनी एकट्या पूर्णाला निवडलं नव्हतं. शाळाशाळांतून शंभराच्या आसपास मुलं हैदराबादजवळच्या भोंगीरच्या कातळावर उतरवली आणि चढवली. शेखर बाबू बचिनेपल्ली हे स्वतः गिर्यारोहक असलेले प्रशिक्षक त्यांना शिकवत होते. त्यातली निवडक दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत गेली. त्यातून आणखी थोडी लडाखच्या हिवाळ्यात गेली. शेवटी दोघं उरली. एव्हरेस्ट हे त्या चाळणीच्या अगदी टोकाला होतं. दार्जिलिंगपर्यंत गेलेली, भोंगीरच्या कातळाला हात लावून आलेली बाकीची मुलंही त्याच शाळांच्या वर्गांत परत बसली, आणि मला वाटतं त्या खात्याची खरी कमाई ती होती.

तेरा वर्षांच्या मुलीला आठ हजार मीटरवर पाठवावं का? माझ्या मते नाही. नेपाळच्या बाजूनं सोळा वर्षांखालच्यांना परवाना मिळत नाही, म्हणून ती मोहीम तिबेटच्या बाजूनं गेली होती. आपण अठरा वर्षांखालच्या कुणालाही सहा हजार मीटरच्या शिखरावर पाठवू नये. निजामाबादकडून उचलायची ती त्यांची रीत, वयाचा विक्रम तिथंच राहू द्यावा.

३. महाराष्ट्र सरकारला हे करता येतं, त्यानं ते केलेलं आहे.

२०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागानं 'मिशन शौर्य' राबवलं आणि त्या मे महिन्यात त्यातले पाच जण एव्हरेस्टवर पोचले. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय किनवटलाही आहे. गोंड, कोलाम, आंध समाजाची मुलं तिथल्या आश्रमशाळांतही शिकतात. चंद्रपूरला जे खातं हे करू शकलं, त्याच खात्याचं एक दार आपल्या जिल्ह्यात आहे. त्यावर टकटक करायचं काम लोकप्रतिनिधींचं आणि आपलंही.

मराठवाड्यातून एव्हरेस्टला गेलेली माणसंही आहेत. छत्रपती संभाजीनगरचे पोलीस शिपाई रफिक शेख २०१६ साली पोचले, तिथल्याच प्राध्यापक मनीषा वाघमारे २०१८ साली. दोघांनाही पहिल्या प्रयत्नात यश आलेलं नव्हतं. अशा माणसांना फक्त सत्काराला न बोलावता निवड समितीवर बसवायला हवं.

४. आधी शिक्षण, मग शिखर.

देशात गिर्यारोहण शिकवणाऱ्या जुन्या सरकारी संस्था आहेत. दार्जिलिंगची १९५४ पासून, मनालीची १९६१ पासून, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून. शिवाय पहलगाम आणि अरुणाचलातलं दिरांग. तिथला पायाभूत अभ्यासक्रम चार आठवड्यांच्या आसपासचा असतो. पाठीवर ओझं घेऊन चालणं, कातळावरची चढाई, बर्फाची कुऱ्हाड रोवून घसरण थांबवणं, बुटांना खिळ्यांचे क्रॅम्पॉन लावून चालणं, एका दोरात चौघांनी जाणं, हिमभेगेतून सोबत्याला वर ओढणं हे सगळं तिथं पुन्हा पुन्हा करून घेतात, अंगात भिनेपर्यंत. शेवटी श्रेणी देतात, आणि 'अ' श्रेणी मिळाली तरच पुढच्या प्रगत अभ्यासक्रमाचं दार उघडतं.

पॅकेजच्या मोहिमेत हेच सगळं तळछावणीवर एका दुपारी उरकलं जातं. बूट बांधून दाखवतात, दोरावर चढायचं जुमार हे साधन सरकवून दाखवतात, आणि मध्यरात्री शिखराकडं निघतात. वाटाड्या चांगला असेल, हवा चांगली असेल तर माणूस वर जाऊनही येतो. पण वाटाड्यालाच काही झालं, तर त्या दोरावरच्या बाकीच्यांना स्वतःचा जीव वाचवण्यापुरतं तरी येत असायला हवं. म्हणून नियम सोपा असावा: सरकारी पैशातून सहा हजार मीटरच्या शिखरावर जाणाऱ्या प्रत्येकाकडं पायाभूत अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र हवं. आमदाराच्या चिठ्ठीनं यातून सूट मिळू नये.

एनसीसीच्या छात्रांना या संस्थांत पाठवण्याची सोय आधीपासून आहे. नांदेड-लातूरच्या किती महाविद्यालयांत ही माहिती फलकावर लागते, हे प्राचार्यांनी स्वतःलाच विचारावं. जागा कित्येक महिने आधी भरतात. मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नसतो.

५. आपलं शरीर पठारावरचं आहे, हे विसरून चालणार नाही.

नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, लातूर त्याहून थोडं उंच. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. लेह साडेतीन हजारांवर आहे, आणि तिथं एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरतो. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्मा होतो. कांग यात्सेच्या माथ्यावर निम्म्याहूनही कमी. गावाकडची पोरं कणखर असतात, उन्हातान्हात राबलेली असतात, हे खरं. पण उंचीचा आजार कणखरपणा बघत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा पोलीस भरतीचा उमेदवार खाटेला खिळतो आणि शेजारची सडपातळ मुलगी निवांत जेवते, असं तिथं घडतं. पळणाऱ्याला जोखीम जास्तच असते, कारण तो भराभर चढतो.

उपाय एकच, सावकाश चढणं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्कामाचा. ट्रेक आणि शिखर जोडून करण्यात जे शहाणपण आहे ते हेच. मारखा खोऱ्यातली चाल ही शरीराला उंचीची सवय लावण्यासाठी असते. आता त्या खोऱ्यात मोटाररस्ता आत आत शिरत चाललाय. त्यामुळं कंपन्या दिवस कापतात आणि 'कमी दिवसांत शिखर' अशी जाहिरात करतात. आपल्या मोहिमेनं उलट करावं. रस्ता असला तरी चालावं, आणि लेहला विमानानं उतरलं तर पहिले दोन दिवस बाजारातसुद्धा फार भटकू नये. मनालीहून रस्त्यानं जायचं ठरलं तर पहिला मुक्काम सरचूला टाकू नये. ते चार हजार मीटरच्या वर आहे आणि मनाली जेमतेम दोन हजारांवर. केलाँग किंवा जिस्पाला थांबावं.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं ही सुरुवात. चालताना झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं तर मेंदूला सूज येतेय. बसल्या जागी दम लागला, खोकल्यात फेस आला तर फुप्फुसात पाणी भरतंय. या दोन्हींवर औषध आहे, प्राणवायूचं नळकांडं आहे, पण खरा इलाज खाली उतरणं, आणि तेही उजाडायची वाट न बघता. आपल्या पोरांची एक सवय मला ठाऊक आहे: त्रास सांगायचा नाही. 'मराठवाड्याचा गडी, काही होत नाही' म्हणत दुखणं दाबायचं. ही सवय मोडल्याशिवाय एकाही पोराला लेहला नेऊ नये. उंचीच्या आजारासाठीची डायमॉक्सची गोळीही डॉक्टरला विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती बाधू शकते.

इथं आपल्या दोन शहरांकडं मोठी ताकद आहे. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. निवडलेल्या प्रत्येकाची तपासणी तिथं व्हावी. हृदय, रक्तदाब, दमा तर बघावाच, पण दोन गोष्टींवर माझा विशेष भर आहे. एक, हिमोग्लोबिन. आपल्या कित्येक मुलींचं ते कमी असतं, आणि प्राणवायू वाहून नेणारं तेच असतं. चार-सहा महिने आधी तपासलं तर आहार आणि लोहाच्या गोळ्यांनी भरून काढता येतं. दोन, सिकलसेल. किनवट-माहूरचा पट्टा विदर्भाला लागून आहे आणि तिकडच्या आदिवासी समाजांत हा दोष आढळतो. जो नुसता वाहक असतो त्याला इथं काहीच जाणवत नाही, पण उंचावर प्राणवायू कमी पडला की त्याच्या प्लीहेला इजा होऊ शकते. ज्या आश्रमशाळांच्या लेकरांना आपण पुढं आणू म्हणतो, त्यांच्याच जिवाला ही धास्ती आहे. एका साध्या रक्ततपासणीनं ती कळते. ती न करता पाठवणं हा गुन्हा समजावा.

६. मागं फिरणाऱ्याचा सत्कार आधी.

२०१७ साली मनीषा वाघमारे एव्हरेस्टच्या माथ्याजवळून परत फिरल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या आणि पोचल्या. शिखर तिथंच राहतं, माणूस राहिला पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं. २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्याजवळ लागलेल्या रांगेचं छायाचित्र जगभर गेलं. त्या हंगामात तिथं अकरा जण दगावले. त्यातले दोघं आपल्या महाराष्ट्रातले होते.

माणूस मागं का फिरत नाही? थकलेल्या मेंदूला नीट विचार करता येत नाही हे एक कारण. दुसरं आपण इथून त्याच्या पाठीवर बांधून दिलेलं असतं. निघतानाच चौकात फलक लागलेला असतो, वर नेत्यांची छायाचित्रं असतात, देणगीदाराचा झेंडा पिशवीत असतो, शिखरावरचा फोटो कुठल्या कार्यालयात लागणार हेही ठरलेलं असतं. एवढं ओझं घेऊन कुणी पन्नास मीटर खालून परत फिरेल का? म्हणून निघण्याआधी एकही फलक लागू नये. परतीची वेळ लेखी ठरलेली असावी: अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही, तर जिथं असाल तिथून खाली. ती वेळ पाळण्याचा अधिकार मोहिमेच्या नेत्याचा, आणि त्याच्या निर्णयावर जिल्ह्यातल्या कुणीही नंतर प्रश्न विचारू नये. परत आल्यावर कार्यक्रम करायचा असेल तर माथ्यावर पोचलेले आणि न पोचलेले एकाच ओळीत बसवावेत.

प्रसिद्धीच्या या हव्यासाचं वाईट रूपही आपण पाहिलं आहे. २०१६ साली पुणे पोलीस दलातल्या एका जोडप्यानं दुसऱ्याच्या छायाचित्रात फेरफार करून एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. नेपाळनं त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, पुढं नोकरीही गेली. सरकारी पैशाच्या मोहिमेचा दिवसागणिक अहवाल जाहीर असावा, म्हणजे असा मोहच उरणार नाही.

७. कंपनीशी करार डोळे उघडे ठेवून.

सहा हजार मीटरच्या शिखरावर मार्गदर्शक कंपनी लागेलच. आपल्याकडं तेवढ्या अनुभवाची माणसं तयार व्हायला दहा वर्षं लागतील. पण निवड सर्वांत कमी दराच्या निविदेवर होऊ नये. रस्त्याच्या डांबरीकरणात कमी दराची किंमत आपण दरवर्षी मोजतो, इथं ती जिवानं मोजावी लागेल. कंपनीला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. शिखराच्या दिवशी किती जणांमागं एक वाटाड्या? त्याचं शिक्षण कुठं झालं? प्राणवायू किती, आणि तो वर छावणीत असणार की खाली गाडीत? निरोप कसा पोचणार? उपग्रह फोन आपल्या देशात परवानगीशिवाय वापरता येत नाही, तेव्हा 'आहे आमच्याकडे' एवढ्या उत्तरावर थांबू नये. भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानची परवानगी कुणाच्या नावानं आहे? हवामानासाठी राखीव दिवस किती?

२०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर बहुतांश शेजारच्या कर्नाटकातल्या असलेल्या बावीस जणांच्या गटातले नऊ जण वादळात गारठून गेले. शिखर नव्हतं, दोर नव्हता, साधा ट्रेक होता. आणि सरकारी संस्था म्हणजे संपूर्ण सुरक्षा असंही मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द्रौपदी का डांडा-२' या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणाच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. त्यात एकोणतीस जणांचा बळी गेला. धोका शून्य होत नाही. पालकांना हे मराठीत, तोंडी समजावून आणि लिहून सांगितलं पाहिजे. आईबापांची सही इंग्रजी कागदावर घेतली, तर ती संमती मानू नये.

८. ज्यांच्या खांद्यावर मोहीम जाते, त्यांचा विमा आपण बघायचा.

ओझं वाहणारे, घोडेवाले, स्वयंपाकी हे कुल्लू, गढवाल, लडाख, नेपाळचे लोक. एप्रिल २०१४ मध्ये एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार एका सकाळी गेले, तेव्हा त्यांच्या कुटुंबांना मिळणारी भरपाई किती तुटपुंजी होती हे जगाला कळलं. आपल्या जिल्ह्यांतून दरवर्षी माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. परमुलखात हंगामी राबणाऱ्याच्या जिवाची किंमत कशी ठरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यांचा विमा, बूट, झोपायचा तंबू यांची अट करारातच असावी.

९. डोंगर म्हणजे कुणाच्या तरी गावचं पाणी.

लेहजवळचं स्टोक कांग्री हे ६,१५३ मीटरचं शिखर वर्षानुवर्षं जोडमोहिमेसाठी सर्वांत लोकप्रिय होतं. २०२० पासून ते बंद आहे. स्टोक गावचं पिण्याचं आणि शेतीचं पाणी त्याच डोंगराच्या बर्फातून येतं, आणि गर्दीनं ते पाणी घाण झालं, आटू लागलं. गावकऱ्यांनी पर्यटनाच्या कमाईपेक्षा पाणी मोठं मानलं. काही जणांना हे बंद होणं जाचक वाटलं. लातूरकरांनी तरी तसं म्हणू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपलं शहर. पहिल्या गाडीची वाट बघत स्टेशनावर जमलेली गर्दी ज्यांना आठवते, त्यांना स्टोकच्या माणसांचा निर्णय एका क्षणात कळेल.

उत्तराखंड उच्च न्यायालयानंही २०१८ साली उंचावरच्या कुरणांमध्ये, तिकडच्या बुग्यालांमध्ये, रात्रीचा मुक्काम बंद केला. आपल्या तुकडीनं शौचाची व्यवस्था, कचरा खाली आणणं, ओढ्यापासून लांब तंबू हे पाळावंच. त्याहून एक पाऊल पुढं जावं: परत आल्यावर प्रत्येकानं आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत जाऊन हिमनदी आणि पाणी यांवर बोलावं. लातूर-नांदेडच्या पोरांइतकं पोटतिडकीनं हे दुसरं कोण सांगू शकेल?

१०. वेळापत्रक आपल्या शेताचं आणि परीक्षेचं असावं.

लडाखचा हंगाम जुलै ते सप्टेंबर. पावसाळ्यात तिथं पाऊस फारसा पोचत नाही म्हणून तो काळ चांगला. पण आपल्याकडं मृग लागला की पेरणी, मग कोळपणी, खुरपणी, फवारणी. घरचं एक माणूस महिनाभर गेलं तर सोयाबीन तणात जातं. शेतकऱ्याच्या लेकराला मे महिना सोयीचा, आणि मे-जूनमध्ये मनालीकडची शिखरं आणि संस्थांचे अभ्यासक्रम दोन्ही चालू असतात. नीटची परीक्षाही मेच्या सुरुवातीला होते. लातूर पॅटर्नमध्ये दोन वर्षं खोलीत कोंडून घेतलेली पोरं त्यानंतर मोकळी असतात. त्यातली काही जण निकालाच्या काळजीनं आतून पोखरलेली असतात. त्यांना त्या दिवसांत डोंगर मिळावा असं मला फार वाटतं. कोचिंग क्लासवाल्यांनी यशवंतांच्या फलकावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग इकडं वळवला तर त्यांचंही नाव होईल.

सोयाबीन काढणीच्या आधी, ऑगस्टच्या शेवटी, कामाला थोडी उसंत असते. सहा हजारांच्या शिखराची तुकडी तेव्हा लडाखला न्यावी.

११. पहिली पायरी इथंच.

सह्याद्री आपल्यापासून लांब आहे, म्हणून पुण्या-नाशिकच्या पोरांना लहानपणापासून मिळतं ते आपल्या पोरांना मिळत नाही. कंधार, उदगीर, औसा हे आपले किल्ले भुईकोट. पण माहूरच्या डोंगररांगा आहेत, उदगीरजवळचं हत्तीबेट आहे, बालाघाटाचे चढउतार आहेत. पाठीवर बारा किलो घेऊन तिथं आठवड्यातून दोनदा चालता येतं. दोन्ही शहरांच्या क्रीडासंकुलांत चढाईची भिंत हवी. हिवाळ्यात सह्याद्रीत एक शिबिर, आणि भोंगीरला एक. भोंगीर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे. उत्तरेला जायला सचखंड एक्स्प्रेस नांदेडहूनच सुटते. हुजूर साहिबच्या यात्रेकरूंमुळं आपला पंजाबशी रोजचा संबंध आहे, आणि चार हजार मीटरच्या वरच्या हेमकुंड साहिबला जाऊन आलेली माणसं नांदेडच्या गल्लीगल्लीत भेटतात. त्यांच्याशी बोलणं हाही तयारीचाच भाग धरावा.

१२. मागणी नेमकी अशी.

जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात ठरतो. त्याआधी दोन्ही जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी मिळून एक प्रस्ताव जिल्हा नियोजन समित्यांपुढं ठेवावा. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून तीस जण पायाभूत अभ्यासक्रमाला, त्यात निम्म्या मुली, आणि किनवट, माहूर, मुखेड, जळकोट, देवणी अशा तालुक्यांना राखीव जागा. तिसऱ्या वर्षापासून त्यांच्यातल्या बारा जणांची एक संयुक्त तुकडी मार्गदर्शित ट्रेक आणि शिखराला. निवड समितीवर एक अनुभवी गिर्यारोहक, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांचा एकेक डॉक्टर, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा एक प्रतिनिधी, आणि आधी जाऊन आलेली एक मुलगी. लोकप्रतिनिधी कुणीही नको. खर्चाचा तपशील, कंपनीचा करार आणि निवड झालेल्यांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावावी. ज्यांची निवड झाली नाही त्यांना कारण लेखी कळवावं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायला कुठली तयारी करायची हेही त्याच कागदावर लिहावं.